शंभराच्या पलीकडचं टेनिस

१६ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सुमित नागलने अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असं सरळ तीन सेटमध्ये हरवलं. बुब्लिकला स्पर्धेत ३१वं मानांकन होतं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत एखाद्या भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवलं, ते तब्बल ३५ वर्षांनी. त्याआधी १९८९ मध्ये याच ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये रमेश कृष्णन यांनी तेव्हाच्या अव्वल क्रमांकाच्या मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दुसरी फेरी गाठल्यामुळे नागलच्या नावावर १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमा झाले. आपल्या हिशेबात जवळजवळ एक कोटी रुपये.

याच नागलने चार महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पीटीआय या वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की आपल्या खात्यात ९०० युरो शिल्लक आहेत. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये. तेव्हाही तो एकेरीत देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्या वर्षात त्याने २४ स्पर्धा खेळून ६५ लाखांच्या आसपास कमावले होते, आणि एक प्रशिक्षक सोबत घेऊन वर्षभर फिरायचा खर्च ऐंशी लाख ते एक कोटी होता. त्या वर्षातली त्याची सर्वांत मोठी कमाई कोणती? अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीतला पहिलाच सामना हरल्याबद्दल मिळालेले २२ हजार डॉलर.

बक्षिसाचा आकडा सगळ्यांना दिसतो, खात्यातली शिल्लक कोणी पाहत नाही. शंभराच्या पलीकडच्या क्रमांकावर जगणाऱ्या टेनिसपटूची सगळी कारकीर्द या दोन आकड्यांच्या मध्ये घडते. ती समजून घेतली, तर भारतात टेनिसपटू का घडत नाहीत या नेहमीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती लागतं.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची शिडी तीन मजली आहे. तळाला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम१५ आणि एम२५ या स्पर्धा. त्यांच्यावर चॅलेंजर स्पर्धा. त्याहून वर एटीपी, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेची टूर, आणि सगळ्यांच्या माथ्यावर चार ग्रँड स्लॅम. महिलांच्या बाजूलाही डब्ल्यू१५पासून डब्ल्यू१००पर्यंत अशाच पायऱ्या आहेत. एम१५ जिंकली तर १५ गुण मिळतात, ग्रँड स्लॅम जिंकली तर २,०००. मिळालेले गुण बरोबर एक वर्ष टिकतात. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ते गळून पडतात आणि तेवढे पुन्हा मिळवावे लागतात. या खेळात एका जागी उभं राहायचं तरी धावावं लागतं.

पायऱ्यांमधलं अंतर पैशात मोजलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. आयटीएफने २०१३ च्या हंगामाचा अभ्यास केला होता. त्या वर्षी जगभरात सुमारे चौदा हजार स्त्री-पुरुष व्यावसायिक स्पर्धा खेळले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना बक्षिसापोटी एक पैसाही मिळाला नाही. पुरुषांत वरच्या ५० जणांनी एकूण बक्षिसांपैकी ६० टक्के रक्कम नेली. प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही, तरी जमाखर्चाची तोंडमिळवणी होण्यासाठी पुरुषांना ३३६वा आणि महिलांना २५३वा क्रमांक गाठावा लागत होता. प्रशिक्षक आणि फिजिओ धरले तर ही रेषा आणखी वर सरकते. नंतर बक्षिसं वाढली, तसा प्रवास आणि हॉटेलही महागलं.

दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात जगातला तीनशेवा माणूस आपली हयात सुखात काढेल. टेनिसमध्ये तो पुढच्या महिन्याचं विमानाचं तिकीट कुठून काढायचं या विवंचनेत असतो.

एम१५चा आठवडा

या पायरीवरचा एक आठवडा जवळून पाहण्यासारखा आहे. स्पर्धेसाठी नाव जवळजवळ अडीच आठवडे आधी द्यावं लागतं. मग यादी लागते. आपलं नाव थेट मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत आहे, पात्रता फेरीत आहे की प्रतीक्षा यादीत, हे पाहून तिकीट काढायचं. प्रतीक्षा यादीतल्या माणसाचं तिकीट अर्थातच शेवटच्या क्षणी निघतं, म्हणजे सर्वांत महाग निघतं. एम१५ची पात्रता फेरी दोन-तीन सामन्यांची असते आणि तिथे पैसे मिळत नाहीत. बऱ्याचदा कोर्टवर पंचही नसतो. आऊट आपणच पुकारायचा, स्कोअर आपणच ठेवायचा, चेंडू आपणच वेचायचे.

पात्रता फेरी पार करून मेन ड्रॉमध्ये आलात आणि पहिल्याच सामन्यात हरलात, तर १५६ डॉलर मिळतात, त्यातूनही कर वजा होतो. उपांत्यपूर्व फेरीत हरलात तर ४३८ डॉलर. रविवारी करंडक उचललात तर २,१६०. पहिल्या फेरीचे १५६ डॉलर म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. एवढ्यात आठवड्याचं हॉटेलही भागत नाही.

त्यात रॅकेटच्या गटिंगचा खर्च. क्लबात खेळणारा हौशी माणूस तार तुटेपर्यंत रॅकेट वापरतो. व्यावसायिक खेळाडूला प्रत्येक सामन्याला ताज्या ताणाच्या दोन-तीन रॅकेट लागतात, कारण एका दिवसात ताण उतरतो आणि चेंडू वीतभर लांब पडायला लागतो. म्हणून ही मुलं बॅगेत दोनशे मीटरचं तारेचं रीळ घेऊन फिरतात. एका रॅकेटला बारा मीटरच्या आसपास तार लागते, तेव्हा एका रिळात सोळा रॅकेट होतात. गटिंग करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. सामना तीन सेट चालला, ऊन कडक असलं, की रीळ भराभर संपतं. वरच्या शंभरातल्या बहुतेकांना रॅकेट आणि तार कंपनीकडून मिळते. इथे तारेचा प्रत्येक मीटर स्वतःच्या खिशातून जातो.

देशात अशा स्पर्धा पुरेशा नसतात. मग मुलं बाहेर पडतात. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल-शेख ही गावं या मुलांना तोंडपाठ असतात, कारण तिथे एकाच हॉटेलच्या आवारात आठवड्यामागून आठवडे स्पर्धा भरतात. महिना-दीड महिना तिथेच मुक्काम ठोकायचा. सोमवारी हरलात तर पुढच्या सोमवारपर्यंत सराव. सोबत आई-वडील नाहीत, प्रशिक्षक नाही, बहुतेक वेळा समोर प्रेक्षकही नाहीत. ज्याला संध्याकाळी हरवलं, त्याच्याशीच खोलीचं भाडं वाटून घ्यायचं. इथे टिकण्यासाठी फोरहँड जेवढा भक्कम लागतो, तेवढंच मनही.

या पायरीवरच्या गरिबीला एक काळी बाजू आहे. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. सामनानिश्चितीचा धोका सर्वांत जास्त खालच्या स्तरावर असल्याचं तिने सांगितलं आणि त्याचा संबंध थेट तिथल्या तोट्याच्या अर्थकारणाशी जोडला. एक सेट सोडण्याबद्दल सट्टेबाज जे देऊ करतो, ते पूर्ण स्पर्धा जिंकूनही मिळत नसेल, तर प्रामाणिक राहणाऱ्या शेकडो मुलामुलींचा मोठेपणा आपण मोजायला हवा. तो कुठल्याच क्रमवारीत येत नाही.

नागलचा चढ-उतार

नागल हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातल्या जैतपूरचा. वडील शिक्षक. महेश भूपतीच्या अकादमीने लहान वयात त्याची निवड केली नसती, तर त्या घरातून टेनिसपटू निघणं कठीणच होतं. २०१५ मध्ये त्याने व्हिएतनामच्या ली होआंग नामबरोबर विम्बल्डनचं मुलांचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये अमेरिकन ओपनची पात्रता फेरी पार करून तो आर्थर अॅश स्टेडियमवर रॉजर फेडररसमोर उभा राहिला आणि पहिला सेट ६-४ असा जिंकला. पुढचे तीन सेट गेले, पण जगाने नाव ऐकलं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याने पहिली फेरी जिंकली. सात वर्षांनी एका भारतीय पुरुषाने ग्रँड स्लॅममध्ये एकेरीचा सामना जिंकला होता.

२०२१ च्या अखेरीस त्याच्या खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. खेळ थांबला, गुण गळत गेले आणि २०२२ संपताना त्याचा क्रमांक पाचशेच्या आसपास होता. तिथून त्याने पुन्हा चढायला सुरुवात केली. २०२३ मध्ये रोम आणि टाम्पेरे इथली चॅलेंजर विजेतेपदं, मेलबर्नमधला तो विजय, फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या चॅलेंजरचं विजेतेपद आणि त्याबरोबर पहिल्या शंभरात प्रवेश. जूनमध्ये जर्मनीत हाइलब्रॉनला आणखी एक विजेतेपद. जुलै २०२४ मध्ये ६८वा क्रमांक.

मग घड्याळ उलटं फिरलं. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नचे गुण गळले, फेब्रुवारीत चेन्नईचे, जूनमध्ये हाइलब्रॉनचे. त्यांची भरपाई करणारे विजय आले नाहीत. त्याच वर्षात तो आधी शंभराच्या आणि मग दोनशेच्याही बाहेर गेला. पहिल्या शंभरात असलात तर चारही ग्रँड स्लॅमचा मेन ड्रॉ जवळजवळ हक्काचा असतो. २०२४ मध्ये विम्बल्डनला पहिली फेरी हरणाऱ्यालाही ६० हजार पौंड मिळत होते. दोनशे तिसाच्या पुढे गेलात की पात्रता फेरीचं दारही बंद होतं. क्रमांक शंभर आणि क्रमांक अडीचशे यांच्या खेळात फरक असतो तो दर सेटमागे दोन-चार गुणांचा. उत्पन्नात मात्र तो कित्येक पटींचा होतो.

अंकिताची पंधरा वर्षं

अंकिता रैना मूळची अहमदाबादची, काश्मिरी पंडित घरातली. २००७ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. तिची कारकीर्द घडली ती पुण्याच्या कोर्टांवर, म्हणून ती आपल्या घरचीच म्हणायला हरकत नाही.

२०१८ मध्ये ती एकेरीत पहिल्या दोनशेत आली. हे साधणारी ती केवळ पाचवी भारतीय महिला. त्याच वर्षी जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. २०१९ मध्ये चीनमधल्या एका स्पर्धेत तिने माजी अमेरिकन ओपन विजेत्या समांथा स्टोसरला हरवलं. मार्च २०२० मध्ये ती १६० व्या क्रमांकावर पोहोचली. या पृथ्वीतलावर तिच्यापेक्षा सरस क्रमांकाच्या फक्त १५९ महिला होत्या. त्याच महिन्यात दुबईत तिने आणि सानिया मिर्झाने निर्णायक दुहेरी जिंकून भारताला महिलांच्या सांघिक फेड कपच्या प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदाच पोहोचवलं. आणि लगेच करोनाने सगळं टेनिस बंद पडलं. कारकिर्दीतल्या सर्वोत्तम क्रमांकावर असताना तिला घरात बसावं लागलं.

जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी करोनामुळे दुबईत झाली. अंकिता शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली आणि ओल्गा डॅनिलोविचकडून हरली. ग्रँड स्लॅमच्या एकेरीचा मेन ड्रॉ तेव्हा एका सामन्यावर होता. कुणी ऐन वेळी माघार घेतली तर लकी लूझर म्हणून जागा मिळेल, या आशेवर ती मेलबर्नला गेली. ती जागा मिळाली नाही, पण दुहेरीत ती खेळली. मग त्याच मुक्कामात फिलिप आयलंड ट्रॉफी या महिलांच्या डब्ल्यूटीए टूरच्या स्पर्धेत तिने रशियाच्या कमिला राखिमोवाबरोबर दुहेरीचं विजेतेपद पटकावलं आणि दुहेरीच्या पहिल्या शंभरात आली. जुलैमध्ये टोकियो ऑलिम्पिकला ती आणि सानिया, किचेनोक बहिणींविरुद्ध पहिला सेट ६-० असा जिंकून दुसऱ्यात ५-३ पुढे होत्या. तो सामना त्या ६-०, ६-७, ८-१० असा हरल्या.

या सगळ्याचा अर्थ कसा लावायचा? एकेरीत ग्रँड स्लॅमचा मेन ड्रॉ तिला मिळाला नाही, एवढंच सांगून तिचा विषय संपवणारे पुष्कळ आहेत. मला यात एक अत्यंत अवघड काम वर्षानुवर्षं चोख करणारी बाई दिसते. दर सोमवारी नव्या गावात, नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर, मागच्या वर्षीचे गुण राखायच्या दडपणाखाली तिने दीड दशक काढलं. सरकारने तिला अर्जुन पुरस्कार दिला तो योग्यच होता.

शरीर आणि वाटा

या स्तरावर सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दुखापत, कारण ती उपचाराचा खर्च वाढवते आणि कमाईही थांबवते. चेन्नईचा प्रज्ञेश गुणेश्वरन गुडघ्यांच्या दुखण्यामुळे विशीतली जवळपास पाच वर्षं धड खेळू शकला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने बंगळुरूची चॅलेंजर जिंकली आणि लगेच पुण्यातल्या चॅलेंजरची अंतिम फेरी गाठली. एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो ७५ व्या क्रमांकावर होता आणि त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. दिल्लीचा युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा मुलांच्या गटातला विजेता. २०१८ मध्ये तो ८३ वा झाला, मग गुडघ्याने त्याची दोन वर्षं खाल्ली. त्याने एकेरी सोडून दुहेरी धरली आणि २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या दुहेरीची उपांत्य फेरी गाठली.

दुहेरी ही अशीच एक वाट आहे. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, मग पुण्यात आणि परदेशात एकेरी-दुहेरी दोन्ही खेळत राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर त्याने कझाकस्तानातल्या अल्माटी इथे एटीपी विजेतेपद मिळवलं. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं आशियाई सुवर्ण जिंकली. अमेरिकी विद्यापीठात शिक्षण, कोर्ट, प्रशिक्षक आणि प्रवास हे सगळं शिष्यवृत्तीत येऊ शकतं. मध्यमवर्गीय घरातल्या मुलासाठी घडण्याची ती चार वर्षं सोन्यासारखी असतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळायला सुरुवात केली म्हणजे उशीर झाला, ही समजूत सोमदेव देववर्मनने केव्हाच खोटी ठरवली. व्हर्जिनिया विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तो ६२ व्या क्रमांकापर्यंत गेला.

बालेवाडीचा धडा

महाराष्ट्राने या बाबतीत एक गोष्ट फार चांगली केली. २०१८ मध्ये चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली आणि २०२३ पर्यंत राहिली. केविन अँडरसन, जिल सिमोन इथे जिंकून गेले. ती गेल्याची हळहळ सगळ्यांना वाटली, मलाही वाटली. पण आपल्या मुलांचं पोट त्या स्पर्धेवर कधीच नव्हतं. तिच्यात भारतीयांना दोन-तीन वाईल्ड कार्ड मिळायची आणि बहुतेक जण पहिल्या फेरीत परतायचे. खरा उपयोग होता आणि आहे तो बालेवाडीच्या चॅलेंजरचा, डेक्कन जिमखान्यावर वर्षानुवर्षं भरणाऱ्या एनईसीसीच्या महिला स्पर्धेचा, सोलापूरच्या आयटीएफ स्पर्धेचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याच्या चॅलेंजरचा अंतिम सामना युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन या दोन भारतीयांत झाला. युकी तो जिंकला आणि पाच महिन्यांत ८३ व्या क्रमांकावर पोहोचला.

या स्पर्धांची ताकद किती असते, त्याचा ताजा पुरावा मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने दिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बालेवाडीची चॅलेंजर जिंकला, तेव्हा त्याचं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, २०४ व्या क्रमांकावर असताना, त्याने शांघाय मास्टर्समध्ये पात्रता फेरीपासून सुरुवात केली, उपांत्य सामन्यात नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि स्पर्धा जिंकली. ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाची ही मास्टर्स १००० स्पर्धा जिंकणारा तो आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू. त्या एका स्पर्धेचे ११ लाख २४ हजार डॉलर त्याच्या तोवरच्या सगळ्या कारकिर्दीच्या कमाईहून जवळजवळ दुप्पट होते. दोनशेच्या पलीकडे काय दर्जाचं टेनिस खेळलं जातं, हे जगाला तेव्हा कळलं. पुणेकरांनी ते दीड वर्षाहून जास्त आधी, जवळजवळ फुकटात पाहिलं होतं.

घरच्या स्पर्धेचं गणित अगदी सरळ आहे. साताऱ्याची किंवा नागपूरची मुलगी सोलापूरला रेल्वेने जाते. व्हिसा नाही, परकं चलन नाही, प्रशिक्षक सोबत येऊ शकतो. तीच स्पर्धा ट्युनिशियात खेळायची तर खर्च कित्येक पट. एकाच पैशात घरी पाच-सहा स्पर्धा खेळता येतात आणि पहिले गुण मिळायला नेमक्या तेवढ्याच संधी लागतात. इटलीने गेल्या दोन दशकांत हेच केलं. देशभर चॅलेंजर आणि आयटीएफ स्पर्धांचं जाळं विणलं, आणि आज पहिल्या शंभरात त्यांचे खेळाडू रांगेने उभे आहेत. यानिक सिनर त्याच जाळ्यातून वर आला. २०१९ मध्ये बेर्गामोची चॅलेंजर जिंकली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

एटीपीने २०२४ पासून वरच्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली. २०२४ मध्ये ती पहिल्या शंभरांना वर्षाला तीन लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार इतकी होती. कमाई त्याहून कमी पडली तर उरलेली रक्कम संघटना भरते. हे पाऊल मोठं आहे, त्याचं स्वागतच करायला हवं. पण २५१ व्या क्रमांकापासून पुढे जो उभा आहे, त्याची जबाबदारी कुणी घेतलेली नाही, आणि भारताचे एकेरीतले बहुतेक खेळाडू नेमके तिथेच आहेत. त्यांच्यासाठी जे करायचं ते आपल्यालाच करावं लागेल.

ते फार अवघडही नाही. एम१५ची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये. इतर खर्च धरूनही एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथल्या कारखानदारांनी, सहकारी बँकांनी आणि जिमखान्यांनी मिळून पेलावा असा तो आहे. क्रिकेटच्या एखाद्या गल्ली चषकावर आणि त्याच्या फ्लेक्सवर आपल्याकडे याहून जास्त पैसा उडतो. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या प्रत्येक शहरात वर्षाला पुरुषांची एक आणि महिलांची एक अशी स्पर्धा भरली, तर महाराष्ट्रातल्या मुलामुलींना घरच्या घरी प्रत्येकी पाच आठवडे मिळतील. पाच आठवड्यांत पहिले गुण मिळतात, गुणांनी मेन ड्रॉ मिळतो आणि तिथून खरी शिडी सुरू होते. पुढचा चॅम्पियन कोण, हे विचारण्याआधी आपल्या गावात ती पहिली पायरी आहे का, ते विचारू या. नसेल तर ती बांधायला लागू या.